समुद्रपूरची ग्रामलक्ष्मी

बबनरावांनी दार उघडलं आणि ते उंबऱ्यातच थबकले. केंद्राच्या अंगणात अर्धं समुद्रपूर उभं होतं. पुढे नानाजी पाटील, मागे बाया, पोरंसोरं, डफडेवाले. ज्याच्या त्याच्या हातात पळसाची डहाळी.

"गुरुजी, तुमची मूर्ती न्यायले आलो," नानाजी म्हणाले.

"कुठे?"

"मिरवत. वाजतगाजत. अख्ख्या गावातून."

बबनरावांनी दाराची दोन्ही कवाडं सताड उघडली. आनंद असा अंगावर येईल, असं त्यांना वाटलंच नव्हतं. हा माणूस मूळचा साताऱ्याचा, शिकला मुंबईच्या कलाशाळेत. दोन वर्षांपूर्वी सरकारने कापसाच्या जुन्या वखारीत कुंभारकला केंद्र उघडलं आणि गावाला नवी दृष्टी द्यायला यांना धाडलं. गावाला दृष्टी होतीच, ती लोकांनी दुसरीकडे वळवली. बबनरावांची चकचकीत फुलदाणी मनकर्णाबाईने हौसेने नेली, पाणी भरून पाहिलं आणि चौथ्या दिवशी परत आणून दिली. म्हणे, "पाणी थंडच नाई होत जी!" आता बोला!

आणि आजच नागपूरहून तिवारीसाहेब तपासणीला येणार होते. नुकतेच जबलपूरहून बदलून आलेले, मराठीचा गंध नसलेले, कडक माणूस. जिथे लोक फिरकत नाहीत ते केंद्र बंद, असा त्यांचा खाक्या. केंद्र बंद म्हणजे बबनरावांनी साताऱ्याला परत जायचं, वडिलांच्या दुकानात गूळ जोखायचा आणि गिऱ्हाइकागणिक ऐकायचं, "हा आमचा चिरंजीव, मुंबईला मडकी करायला गेला होता."

म्हणून तर त्यांनी जीव ओतून ग्रामलक्ष्मी घडवली होती. तीन हात उंच, भाजलेल्या लाल मातीची. मान बगळ्यासारखी, डोळे खोबणीबाहेर आलेले, तोंड आ वासलेलं. ती जात्यावर ओवी गाते आहे, असं बबनरावांचं म्हणणं. भट्टी लावणारा कवडू कुंभार मात्र तिला पाहून दोन पावलं मागे सरला होता. "असं तोंड आमच्या बापजन्मी कोणाले जमलं नाई, गुरुजी," तो म्हणाला. त्या शब्दांवर बबनराव आठवडाभर तरंगत होते.

मिरवणूक निघाली. बाया आपली खोकणारी पोरं कडेवर घेऊन आल्या आणि मूर्तीपुढे धरू लागल्या. बबनरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. बाजारात तिवारीसाहेबांची जीप थांबली, तेव्हा तर स्वर्ग दोन बोटं उरला. साहेब उतरले, पाहतच राहिले आणि गर्दीत सामील झाले.

"वाह! ऐसा लोक-सहभाग मैंने कहीं नहीं देखा!"

वेस ओलांडली आणि नानाजींनी हात वर केला. "खोकला, पडसं, हिवताप!"

"घेऊन जाय गे मारबत!" गाव गरजलं.

"ढेकणं, पिसवा, खरूज!"

"घेऊन जाय गे मारबत!"

बबनरावांनी कवडूची बाही ओढली. "अरे, हे मारबत म्हणजे काय?"

"तुमच्याकडं नाई काय जी?" कवडूला नवल वाटलं. "पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काढतेत. गावातली सारी इडापिडा तिच्या अंगावर घालाची, सीवेबाहेर न्याची आन् फोडून टाकाची. आमी आपली कागदाची करत होतो. पण तोंड जमे नाई. पिडेनं पाहून भ्याले पायजे ना! औंदा तुमची पाहिली आन् नानाजी म्हणे, हेच!"

बबनरावांना भर रस्त्यात रडू कोसळायचंच बाकी राहिलं. पण त्यांनी लगेच हिशेब मांडला. फुटली तर फुटू दे मेली. गावाने उचलून घेतली आणि साहेबांनी ते डोळ्यांनी पाहिलं, झालं तर! केंद्र वाचलं, गूळ टळला.

शिवेवर मूर्ती खाली ठेवली. साहेबांनी बबनरावांच्या खांद्यावर हात टाकला.

"कमाल कर दी आपने! लोगों ने कला को अपना लिया. केंद्र का उद्देश्य पूरा हो गया."

"जी साहब!"

"तो अब यहाँ केंद्र की क्या ज़रूरत? इसे बंद करेंगे. कहीं और खोलेंगे, जहाँ लोग अभी सोए पड़े हैं."

"आणि मी? मतलब, मैं?"

"आपकी तारीफ़ ऊपर भेजूँगा. तब तक घर हो आइए."

बबनरावांच्या तोंडचं पाणी पळालं. लोक आले नाहीत तरी बंद, आणि लोटले तरी बंद! एवढ्यात नानाजी जवळ आले.

"गुरुजी, बाई तुमच्या हातची. शेवटचा मान तुमचा. तुमची काई पिडा असंल तं सांगून टाका, आता जाते हे."

बबनरावांनी मूर्तीच्या तोंडाकडे पाहिलं. कसली ओवी अन् कसलं काय! ते तोंड गिळायलाच बसलं होतं. त्यांनी छाती भरून श्वास घेतला आणि ओरडले,

"नागपूरचे तिवारीसाहेब!"

गर्दी चपापली. साहेबांनी मात्र आपलं नाव ऐकलं आणि त्यांचा चेहरा फुलला. त्यांनी हात जोडले, चहूकडे मान लववली आणि वाटेभर ऐकून पाठ झालेली घोषणा सगळ्या गावाच्या आधी, सगळ्यांपेक्षा मोठ्या आवाजात दिली,

"घेऊन जाय गे मारबत!"