आठांचा गुडघा

रस्सीखेच जिंकून आठही जवान डाव्या पायाने लंगडत मैदानाबाहेर आले. मनगटावरच्या पट्ट्या संघातलं दुखणं सगळ्यांत सारखं वाटून देत. गुडघा मात्र एकाचाच दुखावला होता.

"कोणाचा?" डॉक्टर मॅडमनी विचारलं.

गुडघा कोयाजीचा होता. रोज संध्याकाळी बराकीत कीर्तन तोच करायचा. गुडघा गेलेल्या जवानाला पलटण घरी धाडायची.

"पट्ट्या काढा. आता चालून दाखवा."

पट्ट्या निघाल्या तरी आठही जण लंगडले. तुळशीदास तेवढा उजव्या पायाने.

"अरे येड्या, डावा!" कोयाजीला हसू फुटलं आणि हसता हसता डोळे भरून आले. "मॅडम, माझा आहे. ह्यांना बोल लावू नका. माझ्यापायी खोटं वागतायत बिचारे."

मॅडमनी गुडघा दाबून पाहिला. "महिन्याभरात बरा होईल. पण तोवर एकट्याने कवायत झेपायची नाही."

"एकटा कशाला?" तुळशीदास म्हणाला. "आम्ही काय मेलोय?"

मॅडमनी पट्ट्यांचा जुडगा त्याच्या हातात ठेवला.

"लावा. आणि महिनाभर आठांपैकी कोणीही पळायचं नाही."