तोच प्रश्न

प्रश्न विचारून झाला की टाचणी समोरच्या बाईकडे बघतच नव्हता. तिच्या खांद्यावरून मागच्या पडद्याकडे बघायचा आणि मग पुढचा प्रश्न टाकायचा.

टाचणी हे त्याचं टोपणनाव. इंटरनेटच्या धंद्यात कुणी फुगा फुगवला की फोडायला हा हजर, अशी त्याची ख्याती. त्याचा स्तंभ वाचल्याशिवाय गुंतवणूकदार खिशात हात घालत नसत. आज त्याच्यासमोर व्यासपीठावर वहिनी बसली होती. माणूस बोलतो ते तिथल्या तिथे अक्षरांत उमटवणारं यंत्र तिच्या कंपनीने बनवलं होतं. कंपनीत कामाला लागलेला पहिला माणूस तिचा सख्खा दीर. तो वहिनी म्हणायचा, म्हणून मग ऑफिसातले सगळेच म्हणू लागले. सभागृह गच्च भरलं होतं आणि तिच्या मागे, भिंतभर पडद्यावर, दोघांचा शब्द न् शब्द उमटत होता.

"यंत्र झकास आहे," टाचणी म्हणाला. "पण याची गरज नक्की कुणाला? ज्यांना अजिबात ऐकू येत नाही, त्यांची खुणांची भाषा आहे. ज्यांना येतं, त्यांना हे कशाला हवं?"

सभागृहात हशा पिकला. वहिनीने तो ओसरू दिला.

"मधल्यांना," ती म्हणाली. "ज्यांचं ऐकणं कमी होत चाललंय आणि जे ते कुणाला सांगत नाहीत. चारचौघांत सगळे हसले की तेही हसतात. का हसलो, ते त्यांना माहीत नसतं."

पण पडद्यावर 'मधल्यांना' एवढंच उमटलं होतं. त्यापुढे एक अक्षर सरकलं नाही.

टाचणी थांबला. जरा जास्तच थांबला. मग कागदावर पेन आपटत म्हणाला, "ते ठीक आहे हो. पण गरज नक्की कुणाला? तुम्ही उत्तर टाळलंत."

लोक पुन्हा हसले. टाचणीचा हा जुना डाव सगळ्यांना ठाऊक होता. तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारायचा, थापाड्या असेल तर उत्तर बदलतो. वहिनीच्या तोंडात चोख उत्तर आलंही होतं. तेवढ्यात तिचं त्याच्या डोळ्यांकडे लक्ष गेलं. ते अजून पडद्यावर होते. गाडी येईल येईल म्हणून रस्त्याच्या वळणाकडे बघत राहावं, तसे. तिने मान वळवून पडदा पाहिला, आणि तिला सगळं कळलं.

पहिल्या रांगेत दिरालाही कळलं. तो खुर्चीतून अर्धा उठला. "वहिनी, बोल!" ओठांनीच म्हणाला. गरज तुम्हालाच आहे, साहेब. बस्स, एवढं एक वाक्य तिने बोलायचं. शंभर जाहिराती एकीकडे आणि हे एकीकडे. उद्या जो तो याच कंपनीचं नाव घेणार होता.

वहिनीने दिराकडे बघून मान हलवली. नाही म्हणून.

तिने खुर्ची वळवून टाचणीच्या अगदी समोर आणली. माइक हनुवटीखाली धरला, ओठ दिसतील असा. त्याची नजर तिच्या चेहऱ्यावर येईपर्यंत ती थांबली. मग तेच उत्तर तिने पहिल्यांदाच देत असल्यासारखं पुन्हा दिलं. आवाज चढवला नाही, शब्द तोडले नाहीत. फक्त घाई केली नाही.

टाचणी तिच्या ओठांकडे बघत होता. "आणि जे ते कुणाला सांगत नाहीत" या शब्दांवर त्याचं पेन थबकलं. आज टाचणीच बोथट झाली, असं वाटून मागे कुणीतरी टाळी वाजवली.

पडद्याला जाग आली. अक्षरं भराभरा पळू लागली. टाचणीने वर पाहिलं नाही.

"तुम्हाला कधी कळलं?" त्याने विचारलं.

"आत्ताच."

"मग बोलला का नाहीत? तुमचा दीर तर तिकडे उडी मारायच्या बेतात आहे."

"ते सांगायचं की नाही, हे तुम्ही ठरवायचं," वहिनी म्हणाली. "माझं काम यंत्र बनवायचं."

हे सगळं पडद्यावर उमटलं. सभागृहाने ते वाचलं, पण कुणालाच अर्थ लागेना. टाचणी उठला आणि लोकांकडे वळला.

"माझा डावा कान केव्हाच गेलाय," तो म्हणाला. "उजवा वाटेवर आहे. मुलाखतींचं रेकॉर्डिंग मी घरी नेतो. बायको ते ऐकते आणि माझ्या तोंडासमोर बसून एकेक वाक्य सांगते. बोलून बोलून बिचारीचा घसा बसलाय. बाहेर कळलं तर ही खुर्ची जाईल म्हणून गप्प होतो. जायची तर जाऊ दे."

टाळ्या वाजवाव्यात की वाजवू नयेत, हे कुणाला समजेना. टाचणीला त्याची पर्वा दिसली नाही. तो पुन्हा खुर्चीत बसला, कोरा कागद वर घेतला. आवाज पहिल्यासारखाच कडक.

"आता सांगा, मघाशी हे बंद का पडलं? आणि नेटवर्कवर ढकलू नका. इतक्या माणसांत मी एकटा पडलो होतो."

दिराने कपाळावर हात मारून घेतला. वहिनी मात्र हसली. खुर्ची आणखी जवळ ओढून ती म्हणाली, "चूक आमचीच आहे. लिहून घ्या."