तळाचा थर

खाण बंद होऊन एकतीस वर्षं झाली होती आणि खड्ड्यात पाणी साचलं होतं. गावातल्या जुन्या न्यायालयाची कमान दुरुस्त करायला तसाच मधाच्या रंगाचा वालुकाश्म हवा होता, पण तो कुठेच मिळेना. तेव्हा खाणीच्या म्हाताऱ्या मुकादमाची मुलगी दुरुस्तीच्या इंजिनिअरला जाऊन भेटली.

"पाणी उपसा. तळाला अजून चांगला दगड आहे."

"बाई, कागदोपत्री ही खाण संपलेली आहे."

"कागद खाणीत उतरले नव्हते. माझे बाबा उतरले होते."

दुसरा इलाजच नव्हता म्हणून इंजिनिअरने पंप लावले. बारा दिवसांनी तळ दिसला, तर गाळाखाली भुसभुशीत दगड निघाला. सगळ्यांची तोंडं पडली. तिने पदर खोचला, पहार उचलली आणि स्वतःच खणायला लागली. हातभर खाली पहार खणकन वाजली. तिने ओल्या फडक्याने दगड पुसला. अगदी कमानीचाच रंग!

बाबांना खुर्चीसकट उचलून खाली आणलं. त्यांनी दगडावर हातोडी मारली, कान देऊन आवाज ऐकला आणि मान डोलावली.

"आजोबा, खाण बंद होताना हे का नाही सांगितलंत?" इंजिनिअरने विचारलं.

"सांगितलं की. म्हणून तर सगळ्यांत आधी मला घरी बसवलं."

इंजिनिअर हात जोडून म्हणाला, "उद्यापासून कामावर या, मुकादम."

"उद्या कशाला?" बाबा खुर्चीतून उठत म्हणाले. "अजून दुपारसुद्धा झाली नाही."