तीन फूट

"मावशी, पट्टी झुकतीया."

"पट्टी न्हाई झुकत सायेब. तुमची दुर्बीणच कलंडलीया."

कृष्णातनं डोळा बाजूला घेऊन पाहिलं, तर खरंच तिपाईचा एक पाय मातीत रुतला होता. सांगलीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात दोन वर्षं घासून जे त्याच्या हाताला लागलं नव्हतं, ते धोंडुबाईच्या नजरेत होतं. गवंड्याची बायको ती. उभा संसार ओळंब्याच्या सावलीत झालेला.

साल एकोणपन्नास. सुट्टीत प्रत्येकानं एखादं पडकं बांधकाम मोजून त्यावर अहवाल लिहायचा, असं सरांनी फर्मावलं होतं. चिठ्ठ्या टाकल्या, आणि कऱ्हाडच्या उसात वाढलेल्या कृष्णातच्या वाट्याला माणच्या फोंड्या माळावरचा हा बंधारा आला. बांधला एकेचाळीसला, फुटला बेचाळीसच्या पावसाळ्यात. प्रश्न एकच, का फुटला?

जुन्या कागदात उत्तर तयार होतं. गवंडी बिराप्पा यानं भिंत नकाशाहून तीन फूट बुटकी बांधली, पाणी वरून गेलं, काठ कापला गेला. उतरवून काढायचं आणि मार्क घ्यायचे. पण चालू घड्याळसुद्धा उघडून बघायची कृष्णातची लहानपणापासूनची खोड.

बिराप्पा म्हणजे धोंडुबाईचा नवरा. बंधारा फुटला तेव्हा खालची रानं धुपून गेली आणि गावानं त्याचं नाव टाकलं. तो जो मुंबईला गोदीत गेला, तो गेलाच.

"जाताना म्हनले, चूक माझी न्हाई आसं कुनी कागदावर लिवलं तर सांगावा धाड, मी यीन," धोंडुबाईनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. "सात वर्सं झाली. तुमचा कागद सरकारी हाय न्हवं?"

"कॉलेजचा हाय मावशी. पण सर त्यो वरच्या हापिसात धाडत्यात."

"मग मोजा. म्या खोटं लिवा म्हनत न्हाई. मोजून जे निघंल ते लिवा."

म्हणून ती रोज पट्टी धरायला येई. दोघांना जड होणारी दुर्बिणीची पेटी ही बाई एकटी डोक्यावर घेऊन माळ चढायची. त्याआधी बंधाऱ्याकडेच्या लिंबाखाली म्हसोबाला तांब्याभर पाणी आणि शेंदराचं बोट. शेंदूर साचून साचून देव नुसता तांबडा गोळा झाला होता.

"मोजून खुना देनारा ओव्हरसियर कसा हुता वो?" कृष्णातनं विचारलं. तीन फुटांचा दगड-चुना कुणाच्या तरी घराला लागला असणार, असा त्याचा वहीम होता.

"भला मानूस. आमच्या गावाला नवाच. रोज आदी म्हसोबाम्होरं वाकायचा, मग दुर्बीण लावायचा."

देवापुढं वाकणारे किती सरळ असतात, हे कृष्णातला ठाऊक होतं. वहीम पक्का झाला.

नकाशाप्रमाणे माळाच्या उतारावर सर्व्हेवाल्यांनी एक दगड पुरला होता. त्यावर आडवी रेघ आणि रेघेला टेकलेला बाण. त्या रेघेच्या बरोबर चार फूट खाली भिंतीचा माथा यायचा. कृष्णात तिथं गेला, तर कुसळांनी भरलेला नुसता खड्डा. दगडाचा पत्ता नाही. पुरावाच उपटला म्हणायचा, असं पुटपुटत त्यानं खड्ड्याच्या जागेची उंची वहीत टिपली. मग दहिवडी रस्त्याच्या पुलावरची उंचीची पक्की खूण धरून, पट्टी पुढं पुढं सरकवत, दोन दिवसांत बंधारा गाठला.

तिसऱ्या दुपारी आकडे जुळले. भिंत तीन फूट बुटकी होती, हे खरं. पण या टोकापासून त्या टोकापर्यंत तिच्या माथ्यात बोटभराचा फरक नव्हता. चुकणाऱ्या हाताची भिंत अशी नसते. बिराप्पाला दाखवली तिथवर त्यानं इमानानं बांधली होती. खूणच खाली दिली होती. वड्याचं तेल वांग्यावर निघालं होतं.

"मावशी, त्येंची चूक न्हाई. मी सही करून लिवून देतो."

धोंडुबाईनं पट्टी हळूच भुईवर ठेवली आणि पदरात तोंड घातलं. कृष्णातचेही डोळे भरून आले. परीक्षेत पहिला आला तेव्हासुद्धा त्याला इतकं बरं वाटलं नव्हतं.

"मग चूक कुनाची?" तिनं डोळे पुसत विचारलं.

"ते बी हुडकतो. नाव घावलं की ते बी कागदावर."

"लिवाच. ज्येनं माजा संसार मोडला, त्येचं नाव मोठ्या अक्षरात लिवा."

मग ती देवाला सांगायला गेली. तांब्या नव्हे, आज भरली घागर ओतली. उन्हानं तडकलेल्या शेंदरात पाणी शिरलं, खोळ एका अंगानं सुटली आणि ढेकळासारखी खाली पडली.

"खोळ सोडली देवानं," धोंडुबाई म्हणाली. "पावला बाई."

कृष्णात जवळ गेला. आत छिन्नीनं चौकोनी घडवलेला दगड होता. दगडावर आडवी रेघ. रेघेला टेकलेला बाण.

त्यानं वही उघडली. माळावरचा खड्डा या जागेपेक्षा तीन फूट वर होता. ओव्हरसियर रोज वाकायचा, तो या रेघेवर पट्टी टेकवायला.

"मावशी," कृष्णातनं खिशातून पेन्सिल काढली, "ह्यो देव हितं कुनी आनला?"

धोंडुबाई शेंदराचे तुकडे ओटीत गोळा करत होती. तीन दिवसांत ती पहिल्यांदाच हसली.

"म्याच की. वर माळावर एकला हुता, तितनं त्येला काम कुठलं दिसायला? पाया खनायच्या आदल्या दिशी डोईवर घिऊन आले. म्हनलं, धन्याच्या कामावर देवाची नजर ऱ्हाऊ दे."