दुसरा मोजा

युद्ध कधीच संपलं. समुद्रात पाय रोवून उभा राहिलेला तो लोखंडी किल्ला आज भंगारात निघाला होता. तिथल्या एकटेपणात डोकं फिरू नये म्हणून तोफवाल्यांना विणकाम शिकवलेलं. तिचे वडील त्यांतलेच; किल्ल्यावरच्या एका हल्ल्यानंतर सापडले नाहीत, म्हणून पळपुटे ठरले. "पळपुट्याची पोर" ऐकत ती म्हातारी झाली, आणि शेवटी हट्टानं होडीतून इथं आली. गॅसकटरवाल्यानं दारूगोळ्याच्या खोलीचं वाकून अडकलेलं दार कापलं आणि आत डोकावून लगेच मागे वळला. "आजी, आत येऊ नका. हाडं आहेत." त्यानं दोन सुया बाहेर आणल्या, त्यांवर बोटभर पिवळा मोजा, अर्धाच विणलेला. तिनं तो तळहातावर घेतला. "मी जन्मले तेव्हा याच्या जोडीचा टपालानं आला होता." "मग झाली की जोडी," तो म्हणाला. "बाबा पळाल्याचं कळलं," ती म्हणाली, "आणि आईनं तो चुलीत घातला."