ताजी भाजी ओळखायची कशी?

गरिबांना भाजी खायची अक्कल नाही, असा पालिकेला शोध लागला आणि ती शिकवायला एक मॅडम आमच्या वस्तीत आल्या. आधी रुमालानं खुर्ची पुसली, मग टेकल्या. समोरच्या टेबलावर पालिकेच्या माणसांनी भाजीची टोपली मांडून ठेवली होती. त्यातली पालकाची जुडी मॅडमनी दोन बोटांत धरली, मेलेला उंदीर शेपटीनं उचलावा तशी.

"वेफर्सच्या पाकिटांवर पैसे उडवता आणि मग मुलं किडकिडीत म्हणून रडता. तुम्हाला भाजीतलं काही कळतं तरी का? सांगा बरं, ही ताजी आहे का?"

बायकांतून माझ्या थोरल्या जाऊबाई उठल्या, थेट टेबलापाशी गेल्या. जुडीला बांधलेली फुलाफुलांची चिंधी त्यांनी बोटानं चाचपून पाहिली. त्यांच्याच लेकीच्या जुन्या फ्रॉकची होती ती.

"काल सकाळी होती ताजी," जाऊबाई म्हणाल्या. "मी कोपऱ्यावर विकायला बसले होते आणि तुमच्या माणसांनी टोपलीसकट उचलून गाडीत टाकली ना, तेव्हा."