चौदावी दाढ

वर्षभर पाण्यात ठेवलेली दाढ नीलमनं यंत्राच्या चिमट्यात बसवली. फिलिंग चिकटवण्याआधी तिनं या दाढेला हिरड्याच्या फळाचा अर्क लावला होता. आता यंत्र दोन्ही बाजूंनी ओढणार होतं. जोड सुटला तर संशोधन फसणार, टिकला तर दाढच फुटणार.

दाढ तिच्या वडिलांची, आप्पांची होती. काढली त्या दिवशी सुजल्या गालानं ते हसले होते, "आपल्या कणकुंबीच्या रानातला हिरडा दात धरून ठिवतोय व्हय गं?" चार महिन्यांपूर्वी त्यांच्या अस्थी मलप्रभेत सोडल्या, तेव्हा ही एवढीच प्रयोगशाळेतल्या बरणीत राहिली.

तिचं बोट बटणावर थबकलेलं राघवेंद्र सरांनी पाहिलं. "ही राहू दे. तेरा झाल्यात, तेवढ्या पुरेत."

"नको सर. त्यांनी विचारलंय."

तिनं बटण दाबलं. पडद्यावरचा आकडा चढत गेला, चढतच राहिला. मग काडकन आवाज झाला.

दाढेचे दोन तुकडे झाले होते. त्यातल्या एकाला फिलिंग अजून घट्ट धरून होतं.

सरांनी हलकेच वही ओढली. "काय लिहू?"

नीलम तुकड्यांकडेच बघत होती.

"व्हय, आप्पा," ती म्हणाली. "धरतोय."